दुबार फायलींची आवराआवर

'दुबार' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मतदारांच्या यादीत एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी आले, तर त्याला दुबार नाव म्हणतात. उर्दूतल्या 'दोबारा' या शब्दाशी त्याचे नाते तुमच्या लगेच लक्षात येईल. अशी दुबार नोंद सापडली, की एक ठेवतात व दुसरी काढून टाकतात. पण त्याआधी चौकशी करावी लागते. एकाच नावाची दोन माणसे खरोखरच असू शकतात. घाईने नाव काढले, तर एखाद्याचा मतदानाचा हक्कच जातो.

संगणकातही अशा दुबार नोंदी होतात. तेथे प्रत काढायला कागद लागत नाही, शाई लागत नाही, की झेरॉक्सचे पैसे द्यावे लागत नाहीत. त्यामुळे प्रती सहज निघतात आणि निघाल्या हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. समजा, एका शाळेच्या संगणकात स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत. एका सरांनी ते 'संमेलन' या फोल्डरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तेच फोटो पेनड्राइव्हवरून 'नवीन फोल्डर' मध्ये घातले. शिपायाने सांगितले, "फोटो दिसत नाहीत," म्हणून कोणीतरी ते तिसऱ्यांदा घातले. प्रश्नपत्रिकांची तर निराळीच तऱ्हा. इनपेजमध्ये टाइप केलेली एकच प्रश्नपत्रिका 'सहामाही', 'सहामाही नवीन', 'सहामाही शेवटची' आणि 'सहामाही खरी शेवटची' अशा चार नावांनी नांदत असते. होता होता डिस्क भरते आणि ऐन निकालाच्या दिवसांत संगणक नवी फाईल साठवायला नकार देतो.

आता ही आवराआवर कोणी करायची? फायली दोन हजार असतील, तर हाताने एक एक उघडून पाहणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. अशा वेळी 'शेल स्क्रिप्ट' उपयोगी पडते.

शेल म्हणजे काय, ते आधी पाहू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची संगणकप्रणाली तयार करण्यास सुरुवात केली. या प्रणालीच्या मध्यभागी एक गाभा असतो. डिस्क, स्मृती, पडदा या सर्वांवर त्याचा ताबा असतो. आपण त्या गाभ्याशी थेट बोलत नाही. आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती पार पाडून घेणारा एक प्रोग्रॅम मध्ये असतो. बदामाच्या गराभोवती टरफल असावे, तसा तो गाभ्याभोवती असतो, म्हणून त्याला शेल म्हणतात. १९७९ साली स्टीव्हन बोर्न यांचा शेल युनिक्सबरोबर आला. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी 'बॅश' हा शेल लिहिला. लिनक्सच्या अनेक संगणकांवर आजही तोच चालतो. शेलला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून एका फाईलमध्ये ठेवल्या, की झाली शेल स्क्रिप्ट. तिला एकदा हाक मारली, की ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थकता काम करते.

न थकता करते हा तिचा गुण आहे. न विचारता करते हा तिचा धोका आहे. फाईल पुसण्याची आज्ञा 'आरएम' अशी दोन अक्षरांची आहे. या आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, कायमची जाते. म्हणून दुबार फायली पुसणारी स्क्रिप्ट लिहिताना दोन प्रश्न सारखे विचारत राहावे लागते. या दोन फायली एकच आहेत, हे कशावरून? आणि समजा आपण चुकलो, तर परतीची वाट कोणती?

नवशिका मुलगा बहुधा अशी स्क्रिप्ट लिहितो: सर्व फोल्डर फिरून ये, एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या, तर दुसरी पूस. वाचायला हे अगदी सरळ वाटते. पण वर्गात दोन इम्रान शेख असतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून हजेरी घेताना नावापुढे वडिलांचे नाव घ्यावे लागते. कॅमेऱ्याचेही असेच आहे. तो फोटोंना स्वतःच क्रमांक देतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत हा क्रमांक ९९९९ झाला, की पुन्हा १ पासून सुरुवात होते. काही वेळा कार्ड बदलले तरी तसेच होते. तेव्हा क्रमांक १ चा एक फोटो क्रीडामहोत्सवाचा आणि क्रमांक १ चाच दुसरा फोटो निरोपसमारंभाचा, असे होऊ शकते. नावावर विसंबणारी स्क्रिप्ट निरोपसमारंभ पुसून मोकळी होईल. उलट, ज्या चार प्रश्नपत्रिका खरोखर एकच आहेत, त्यांची नावे वेगळी असल्यामुळे त्यांना ती हातही लावणार नाही. म्हणजे ठेवायचे ते गेले आणि काढायचे ते राहिले!

नावाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि ती उर्दू लिहिणाऱ्यांनी तरी जाणून घेतली पाहिजे. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही. तो प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक पाहतो. जगातल्या बहुतेक लिप्यांसाठी हे क्रमांक 'युनिकोड' या पद्धतीने ठरवलेले आहेत. त्यात उर्दूच्या 'ये' चा क्रमांक वेगळा आणि अरबीच्या 'ये' चा क्रमांक वेगळा आहे. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आल्या, की पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण एका संगणकावर उर्दू कळफलक असेल व दुसऱ्यावर अरबी, तर एकच नाव दोन प्रकारे टाइप होते. मग एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एका नावाच्या दोन फायली दिसतात आणि पाहणारा चक्रावून जातो. मराठीतही असे घडते. 'सुऱ्या' किंवा 'दऱ्या' या शब्दांतला 'ऱ' एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात.

थोडक्यात, नावाची साक्ष येथे चालत नाही. फाईलच्या आत काय आहे, तेच तपासावे लागते.

संगणकातील प्रत्येक फाईल, मग ती फोटोची असो, गाण्याची असो की निबंधाची, ही शेवटी आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. या ओळीतील प्रत्येक घराला 'बाइट' म्हणतात. दोन फायली पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या असतील, तरच त्या एकच. हे तपासण्यासाठी युनिक्समध्ये 'सीएमपी' नावाची आज्ञा आहे. ती दोन्ही फायली शेजारी शेजारी धरून वाचत जाते आणि पहिला फरक सापडताच थांबते.

तेव्हा स्क्रिप्ट सुधारून असे लिहिता येईल: यादीतील प्रत्येक फाईल घे, ती यादीतील प्रत्येक फाईलशी ताडून पाहा, सारखी निघाली तर पूस. या वाक्यात एक खड्डा आहे. थोडे थांबा आणि तो शोधा पाहू. 'प्रत्येक फाईल प्रत्येक फाईलशी' म्हटले, की यादीतली पहिली फाईल स्वतःशीही ताडली जाणार. कोणतीही फाईल स्वतःसारखी असतेच! म्हणजे ही स्क्रिप्ट पहिल्या फेरीतच पहिली फाईल पुसणार, मग दुसरी, मग तिसरी आणि शेवटी सारे फोल्डर रिकामे करून समाधानाने थांबणार. माणसाला 'प्रत्येकाशी हात मिळव' असे सांगितले, तर तो स्वतःचाच हात धरत नाही. यंत्राला हे वेगळे सांगावे लागते. म्हणून प्रत्येक फाईल यादीत तिच्यानंतर येणाऱ्या फायलींशीच ताडावी, असे लिहायचे.

इतके केले, की उत्तर बरोबर येते. पण येते फार सावकाश. वर्गात ४० विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवायचा ठरवला, तर किती वेळा हात मिळवले जातील? ४० गुणिले ३९, भागिले २, म्हणजे ७८० वेळा. आता ४० च्या जागी २,००० फायली घ्या. जोड्या होतात १९,९९,०००. एका जोडीला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे धरले, तरी साडेपाच तासांहून अधिक वेळ जातो. फायली दुप्पट झाल्या, तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. वर्षा-दोन वर्षांत ती स्क्रिप्ट रात्रभर चालूनही पुरी होणार नाही.

मग काय करायचे? दोन बंद पिशव्यांचे वजन वेगळे असेल, तर आतला माल एकच आहे का, हे पाहण्यासाठी पिशव्या उघडाव्या लागत नाहीत. फाईलचे वजन म्हणजे तिचा आकार, किती बाइटांची आहे तो आकडा. हा आकडा डिस्कवरच्या नोंदवहीत आधीच लिहिलेला असतो. तो पाहण्यासाठी फाईल उघडावी लागत नाही. 'फाइंड' ही आज्ञा सर्व फोल्डर धुंडाळून फायलींची यादी देते आणि सांगितले, तर प्रत्येकीचा आकारही देते. ही यादी 'सॉर्ट' या आज्ञेकडे पाठवली, की ती आकारानुसार लागते. सारख्या आकाराच्या फायली शेजारी शेजारी येतात आणि ज्यांच्या आकाराची दुसरी फाईल नाही, त्या तेथेच सुटतात. बहुतेक फोटोंचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे या एका चाळणीने मोठा गठ्ठा बाजूला होतो.

एका आज्ञेने काढलेली यादी दुसऱ्या आज्ञेच्या हाती देण्याची ही सोय युनिक्समध्ये १९७३ साली आली. तिला 'पाइप' म्हणतात. डग मॅकिलरॉय यांनी तिचा आग्रह धरला आणि केन थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. माझ्या मते शेलची खरी ताकद या नळीतच आहे. छोट्या छोट्या आज्ञा, प्रत्येकीला एकच काम येते, पण एकमेकींना जोडल्या, की मोठे काम उरकते.

आकाराच्या चाळणीतून जे उरले, त्यांच्यासाठी दुसरी चाळणी आहे ती ठशाची. कचेरीत सही न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा घेतात, कारण तो दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. फाईलचाही असा ठसा काढता येतो. फाईलमधील सर्व बाइट एका ठरावीक गणितातून गाळून काढले, की शेवटी एक छोटी संख्या उरते. फाईल एका ओळीची असो की तासाभराच्या चित्रफितीची, ठशाची लांबी तेवढीच राहते. आत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. प्रत्येक फाईल एकदाच वाचायची, तिचा ठसा नावाशेजारी लिहायचा आणि यादी ठशानुसार लावायची. सारखे ठसे आपोआप एकाखाली एक येतात. लाखो जोड्या ताडून पाहण्याची गरजच उरत नाही.

ठसा काढण्याच्या अनेक रीती आहेत. 'एमडी५' ही रीत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली तयार केली. तिचा ठसा ३२ अक्षरांचा असतो. पुष्कळ जुन्या स्क्रिप्टांमध्ये हीच आढळते. पण २००४ साली चिनी संशोधिका वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मुद्दाम खटपट केली, तर दोन वेगळ्या मजकुरांचा एमडी५ ठसा सारखा आणता येतो. शाळेच्या फोटोंमध्ये असा उपद्व्याप कोण करणार, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण चांगली रीत तितक्याच सहज मिळत असताना कमकुवत रीत का वापरावी? 'शा-२५६' या रीतीचा ठसा ६४ अक्षरांचा असतो आणि असे निरनिराळे ठसे किती होऊ शकतात, ती संख्या ७८ अंकी आहे. दोन वेगळ्या फायलींचा शा-२५६ ठसा सारखा निघाल्याचे एकही उदाहरण आजवर कोणी दाखवलेले नाही.

तरीही पुसण्याआधी त्या जोडीवर एकदा 'सीएमपी' चालवावी. आता जोड्या थोड्याच उरलेल्या असतात, त्यामुळे वेळ फारसा जात नाही. 'एफडुप्स' नावाचा एक तयार प्रोग्रॅम याच कामासाठी आहे, आणि तोही आधी आकार, मग ठसा आणि शेवटी बाइट अन् बाइट याच क्रमाने जातो.

दुबार कोण, हे आता नीट कळू लागले. तरी स्क्रिप्ट घसरण्याची एक जागा अजून शिल्लक आहे, आणि ती अगदी क्षुल्लक दिसते. ती म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. शेल मोकळ्या जागेला कुंपण समजतो. 'सहामाही नवीन' हे आपल्यासाठी एक नाव आहे. शेलला मात्र त्यात 'सहामाही' आणि 'नवीन' अशी दोन नावे दिसतात. 'सहामाही नवीन' पुसायला सांगितले आणि शेजारी 'सहामाही' नावाची फाईल असली, तर नेमकी तीच पुसली जाते. ही कल्पनेतली भीती नाही. २०११ साली 'बंबलबी' नावाच्या लिनक्सच्या एका सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये पुसावयाच्या फोल्डरचा पत्ता लिहिताना मध्येच एक मोकळी जागा पडली. पुसायचा होता आतल्या आतला एक लहानसा कोपरा. पण पत्ता तुटला आणि 'यूएसआर' हा पहिलाच भाग पूर्ण पत्ता समजला गेला. लिनक्समधील बहुतेक प्रोग्रॅम याच फोल्डरमध्ये असतात. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली, त्यांच्या संगणकातील हे फोल्डर साफ झाले.

यावर उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये नाव जेथे जेथे येईल, तेथे ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचे. निबंधात आपण कोणाचे बोलणे अवतरणात ठेवतो, म्हणजे ते कोठे सुरू झाले आणि कोठे संपले ते वाचणाऱ्याला कळते. शेललाही तेच कळते. यादी एका आज्ञेकडून दुसरीकडे जाताना मात्र अवतरणचिन्हे पुरत नाहीत. फाईलच्या नावात मोकळी जागा असू शकते, इतकेच काय, युनिक्समध्ये नवी ओळसुद्धा असू शकते. मग दोन नावे वेगळी ओळखायची कशी? नावात कधीच येऊ शकत नाही असा एक बाइट आहे, तो म्हणजे शून्य. म्हणून 'फाइंड' ला सांगावे, की प्रत्येक नावानंतर शून्य टाक, आणि पुढच्या आज्ञेला सांगावे, की शून्य दिसेपर्यंत एकच नाव समज. 'सॉर्ट' लाही ही शून्याची भाषा शिकवता येते.

मोकळ्या जागेइतकाच घातक असतो रिकामा डबा. स्क्रिप्टमध्ये आपण एखादी गोष्ट नावाच्या डब्यात ठेवतो, उदाहरणार्थ फोल्डरचा पत्ता. काही कारणाने तो डबा रिकामा राहिला, तर शेल तक्रार करत नाही. रिकामी जागा घेऊन पुढे चालू लागतो. संगणकावरील खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'स्टीम' च्या लिनक्स आवृत्तीबाबत जानेवारी २०१५ मध्ये असाच प्रकार उघडकीस आला. 'अमुक फोल्डरच्या आतील सर्व काही पूस' अशी एक ओळ तिच्या स्क्रिप्टमध्ये होती. स्टीमचे फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर 'अमुक' चा डबा रिकामा राहिला. उरले ते 'सर्व काही पूस'. एका वापरणाऱ्याच्या घरच्या फायली तर गेल्याच, पण संगणकाला जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरील जपणुकीच्या प्रतीही गेल्या. विशेष म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच 'भीतिदायक' अशा अर्थाचा एक शब्द लिहून ठेवला होता. भीती वाटली होती, पण कुलूप घातले नव्हते! बॅशमध्ये असे कुलूप आहे. 'सेट' आज्ञेची एक ओळ स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिली, की ज्या डब्यात कधी काही ठेवलेच नाही, त्याचे नाव येताच स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते. पण डब्यात काहीतरी ठेवले आणि ते 'काहीच नाही' असेच निघाले, तर हे कुलूप उघडेच राहते. म्हणून फोल्डरचा पत्ता रिकामा नाही ना, आणि ते फोल्डर खरोखर जागेवर आहे ना, हे वेगळे तपासून मगच पुढे जावे.

येथवर आपण पहिल्या प्रश्नाचा विचार केला. आता परतीच्या वाटेकडे वळू.

नाटक बसवताना प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम करतात. पोशाख, दिवे, पडदा सर्व खरे; फक्त प्रेक्षक नसतात. स्क्रिप्टचीही अशी रंगीत तालीम घेता येते. 'पूस' या आज्ञेच्या जागी 'पडद्यावर लिहून दाखव' ही आज्ञा घालायची. मग स्क्रिप्ट सर्व काम करते, पण पुसण्याऐवजी कोणती फाईल पुसली असती आणि कोणत्या फाईलची ती नक्कल आहे, एवढेच सांगते. ती यादी माणसाने वाचावी. पहिल्याच पानावर बहुधा काहीतरी खटकते.

यादी पटली, तरी लगेच पुसू नये. दुबार फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि कोठून काय हलवले, त्याची नोंद एका फाईलमध्ये ठेवावी. पण हलवण्याच्या 'एमव्ही' या आज्ञेचीही एक खोड आहे. नव्या जागी त्याच नावाची फाईल आधीच असेल, तर ती न विचारता तिच्यावर दुसरी ठेवून देते. क्रमांक १ चे दोन निराळे फोटो आठवा. दोन्ही एकाच ठिकाणी हलवले, तर एकच उरेल. म्हणून जुन्या जागेचा सारा पत्ता नव्या फोल्डरमध्ये तसाच उभा करून त्यात फाईल ठेवावी. असे केले, की चुकून हलवलेली फाईल परत कोठे न्यायची, हे शोधावे लागत नाही. फायली एकाच डिस्कवर हलवल्याने जागा मात्र रिकामी होत नाही. ती पंधरा दिवसांनी, कोणाचीही हाकाटी आली नाही म्हणजे, ते फोल्डर पुसल्यावरच होईल. ज्यांना आजच जागा हवी असते, त्यांना हे पंधरा दिवस फार जड जातात.

दोघांपैकी कोणती ठेवायची, हा प्रश्न गणिताचा नाही. बाइट सारखेच असल्यामुळे दोघींत असल कोण आणि नक्कल कोण, हे आतून कळत नाही. तारखेवरून अंदाज करावा, तर काही वेळा नक्कल करताना आजची तारीख पडते आणि काही वेळा जुनीच तारीख सोबत येते. म्हणून शाळेने आधीच ठरवावे, की 'संमेलन' हे मुख्य फोल्डर. त्यातील प्रत ठेवायची आणि इतर ठिकाणची हलवायची. स्क्रिप्टला तसे सांगता येते.

सारख्या असूनही दोन्ही ठेवाव्यात अशाही फायली असतात. शून्य आकाराच्या सर्व फायली एकमेकींसारख्याच असतात, पण काही प्रोग्रॅम त्या खूण म्हणून ठेवतात. त्यांना यादीतून आधीच वगळावे. प्रकल्पाचा कोरा नमुना चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस फोल्डरांत ठेवलेला असेल, तर स्क्रिप्ट एकाचा ठेवून एकोणचाळीस जणांचा उचलेल आणि सकाळी वर्गात गोंधळ माजेल. युनिक्समध्ये एकाच फाईलला दोन नावे देण्याचीही सोय आहे. तेथे डिस्कवर फाईल एकच असते, त्यामुळे एक नाव पुसून एका बाइटचीही जागा मिळत नाही. अशा जोड्या डिस्कवरील नोंदक्रमांकावरून ओळखून सोडून द्याव्यात.

सर्वांत मोठी गफलत जपणुकीच्या डिस्कबाबत होते. संगणक बिघडला तर हाताशी असावी, म्हणून आपण निकालपत्रकांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. ती डिस्क संगणकाला जोडलेली असताना स्क्रिप्ट सर्वत्र फिरवली, तर तिला दिसते काय? प्रत्येक निकालपत्रक दुबार! ती इमानाने एक एक प्रत काढून घेते आणि ज्या दुसऱ्या प्रतीसाठी डिस्क विकत आणली होती, तीच नाहीशी होते. दुसरी प्रत चुकून पडलेली आहे की जपून ठेवलेली आहे, हे कोणत्याही ठशावरून कळत नाही. त्यामुळे स्क्रिप्टला 'सगळीकडे फिर' असे कधी सांगू नये. कोणत्या फोल्डरमध्ये फिरायचे, ते नाव घेऊन सांगावे, आणि जपणुकीची डिस्क त्या वेळी काढून ठेवावी.

हे सर्व करूनही संमेलनाच्या फोल्डरमध्ये काही फोटो दोनदा दिसतच राहतील. तोच मुलगा, तीच कव्वाली, तोच हात वर केलेला. स्क्रिप्ट बिघडली की काय, असे वाटेल. पण ती बरोबर आहे. एक फोटो कॅमेऱ्यातून थेट आलेला असतो आणि दुसरा व्हॉट्सॲपवरून. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना सहसा दाबून लहान करते, त्यामुळे आतले बाइट बदलतात, आकार बदलतो आणि ठसाही बदलतो. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. यांतला मोठ्या आकाराचा फोटो बहुधा मूळचा असतो, आणि पुढे कधी स्मरणिकेत छापायचा झाला, तर तोच लागेल. अशा जोड्या मात्र कोणीतरी पडद्यासमोर बसून, एक एक फोटो मोठा करून, निवडाव्या लागतात.